ब्रेकखालची चप्पल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी बाईंचं नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही तेच म्हणतात. बाई म्हणजे आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई. काष्टीपासून आत पाच किलोमीटरवर आमचं गाव. शाळेला दोन खोल्या होत्या आणि वर्ग चार. बाई नगरहून बदली होऊन आल्या, तेव्हा गावानं पैज लावली होती की या सहा महिन्यांत परत जातील. त्या चौदा वर्षं राहिल्या.

मी वर्गात बोलायचो नाही. उत्तर यायचं, पण तोंडातल्या तोंडात. बाई ओरडायच्या नाहीत. त्या चालत वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "उत्तर चुकलं तरी चालेल, पण मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे." दर शनिवारी त्या आम्हाला पत्र लिहायला लावायच्या, त्यांच्याच नावानं. सोमवारी ते लाल पेनानं तपासून परत मिळायचं. पुढे त्यांनीच फॉर्म भरून मला नगरच्या वसतिगृहात घातलं. तिथून मी त्यांना पहिलं खरं पत्र पाठवलं, पोस्टाचं तिकीट लावून. आठवड्यानं उत्तर आलं आणि सोबत माझंच पत्र, लाल पेनानं तपासलेलं. खाली शेरा होता: 'जेवणाबद्दल खोटं लिहू नकोस. पोट भरत नसेल तर तसं लिही.'

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. बाई निवृत्त झाल्यावर सावेडीत भाचीकडे राहायला आल्या, माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. हे सगळं आधी सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या बाबतीत झालं आणि माझ्या हातून झालं.

दीड वर्षापूर्वी मी जुनी एक छोटी गाडी घेतली. आमच्या भावकीत ही पहिली चारचाकी. वडिलांनी नारळ फोडला, आईनं चारी चाकांना हळद-कुंकू लावलं, आणि वडिलांनी तिथल्या तिथं नियम केला. "गाडीत चपला घालून कुनी बसायचं न्हाई. लक्ष्मी हाय ती." मी म्हणालो, दादा, गावची धुळीची वाट आहे, रोज किती जण बसणार. ते म्हणाले, "मग रोज काढायच्या." तेव्हापासून गाडीत बसणारा प्रत्येक जण चपला काढतो, त्या एका पिशवीत जातात आणि पिशवी डिकीत. चालवणाराही अनवाणी. माझे मित्र हसायचे. "तुझ्या गाडीत बसायचं का देवळात जायचं, ते एकदा ठरव."

गाडी शिकवणाऱ्या माणसानं मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. जाड मिशीचा, सारखा बडीशेप चघळणारा माणूस. "सर, अनवाणी चालवा, बूट घालून चालवा, मला काय त्याचं न्हाई. पण पायाजवळ काही सुटं ठेवायचं न्हाई. बाटली न्हाई, चप्पल न्हाई, पिशवी न्हाई." मी मान डोलावली होती. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं मला कधीच म्हणता येणार नाही.

गेल्या जानेवारीत गावातून निरोप आला. शाळेला नवी खोली झाली होती, आणि सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन बाईंच्या हस्ते करायचं ठरलं होतं. निवृत्तीनंतर बाई एकदाही गावाला गेल्या नव्हत्या. निरोप सांगायला गेलो तर त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, "आठला झेंडा ना? मग सहाला निघू. झेंडा कुणासाठी थांबत नाही."

त्या दिवशी मी सहाला पोचलो नाही. पाचला उठून गाडी धूत बसलो होतो. बाई बसणार म्हणून काचा आतून पुसल्या, पायपुसणी झटकली. सावेडीत पोचलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. बाई फाटकात उभ्या होत्या, पांढरी सुती साडी, वर तपकिरी स्वेटर, हातात डबा.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"गाडी धूत होतो, बाई."

"गाडीला कोण बक्षीस देणार आहे?"

नियम त्यांना ठाऊक होता. त्या चपला काढायला वाकल्या तसा मी पुढे झालो आणि त्यांच्या चपला हातानं उचलल्या. "अरे ठेव, मी ठेवते की," त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्या चपला पिशवीत घातल्या, पिशवी डिकीत नीट ठेवली, डिकी लावली. मग स्टिअरिंगवर येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्या चपला पायातच आहेत. पुन्हा उतरून डिकी उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी त्या काढल्या आणि टाचेनं सीटखाली सारल्या.

बाई ख्रिस्ती. गाडी सुरू करण्याआधी त्यांनी डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना केली. मी हात जोडून बसलो होतो आणि डोळे मात्र घड्याळावर होते.

नगर-दौंड रस्ता त्या वेळी तसा मोकळा असतो. थंडी होती, शेतांवर धुकं होतं. बाई बोलत होत्या. कोण कोण भेटेल, कोणाची मुलं आता शाळेत असतील, हौदाजवळचं लिंबाचं झाड आहे का तोडलं. मी हो-नाही करत होतो. काटा ऐंशीच्या पुढे गेला होता. या गाडीनं मी एवढ्या वेगात कधी गेलो नव्हतो, पण बाईंना आठच्या आत पोचवायचं होतं. मुलं रांगेत उभी असणार, आणि उशीर माझ्यामुळे झालेला.

एका उताराला रस्ता डावीकडे वळतो आणि खाली कालव्याच्या चारीवरचा अरुंद पूल आहे. मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अर्धं खाली गेलं आणि थांबलं. खाली काहीतरी जाड, चिवट होतं. मी पाय उचलून पुन्हा दाबला. तेच. काय अडकलंय ते मला त्याच क्षणी कळलं. मी खाली पाहिलं. कातडी चप्पल पेडलच्या खाली आडवी गेली होती, अंगठा वर करून. मी डाव्या पायानं तिला मागे ओढू लागलो.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अरे, मोर! तो बघ, मोर!"

मी वर पाहिलं तेव्हा डावी चाकं डांबरावरून खाली उतरली होती. साइडपट्टी वीतभर खोल होती. गाडी खडखडली. मी घाबरून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, जोरात, दोन्ही हातांनी. गाडी उडी मारून डांबरावर आली, आडवी झाली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली, बांध फोडून शेतात शिरली आणि एका बाभळीवर थांबली. समोरून काही येत नव्हतं. मागून काही येत नव्हतं. अख्ख्या रस्त्यावर आम्ही एकटेच होतो.

थोडा वेळ फक्त रेडिएटरच्या वाफेचा आवाज येत होता. "बाई," मी म्हणालो. "बाई." पट्टा लावलेला होता म्हणून त्या जागेवर होत्या. कपाळावरून रक्त येत होतं. उजवा हात मनगटाच्या वर जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. तो त्या डाव्या हातानं धरून बसल्या होत्या, लहान मुलाला धरावं तसा.

"तुला लागलं का?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या फडात ऊसतोडीची माणसं होती. त्यांची पळण्याची चाहूल, बाया ओरडताहेत, कोयते खाली टाकल्याचा आवाज. ती पोचायला अर्धं मिनिट होतं. त्या अर्ध्या मिनिटात मी खाली वाकलो, पेडलखालून चप्पल ओढून काढली आणि फुटलेल्या खिडकीतून उसात फेकून दिली. तेवढं करायला मला सुचलं. बाईंचा पट्टा सोडायला सुचलं नाही.

"मेली का काय?" कुणीतरी लांबून ओरडलं.

"न्हाई, हालत्यात. दार वढा, दार!"

"म्हातारीला आधी घ्या. हळू, हात बघ त्यांचा."

बाईंना त्यांनी उचलून बांधावर गोधडी टाकून बसवलं. तोडणीवाल्यांतल्या एकीनं स्वतःचा पदर फाडून कपाळाला बांधला. डोक्याला मफलर गुंडाळलेल्या एका म्हाताऱ्यानं रस्त्याकडे पाहिलं, चाकांच्या खुणांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "काय आडवं आलं, मालक? रस्ता तर मोकळा हाय."

माझं तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता. पहिलीत होतो तसाच.

"काही आडवं नाही आलं," बाई म्हणाल्या. वेदनेनं त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "चूक माझी. मी याला मोर दाखवला. गाडी चालवणाऱ्याला असं काही दाखवायचं नसतं."

"काय म्हनत्यात?" मागच्या एकानं विचारलं.

"मोर आडवा आला म्हनं," पुढच्यानं सांगितलं.

आणि तेच राहिलं. बाईंना एका पिकअपमधून नगरला आणलं. दवाखान्यात परिचारिकेनं दारातच माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं, तुम्ही तरी चपला बाहेर ठेवल्यात. लोकांना सांगून थकले." मी आत जाऊन बाकावर बसलो आणि पाय बाकाखाली घेतले.

गावात मुलं रांगेत उभी होती. साडेआठपर्यंत वाट पाहून सरपंचांनी झेंडा फडकवला. बाईंसाठी आणलेला हार शाळेच्या खिडकीला बांधून ठेवला होता, तो तिथंच वाळला.

मोराची गोष्ट मात्र गावभर पोचली. पुढच्या वेळी घरी गेलो तर पारावरून आवाज आला, "या, मोर मास्तर! पिसारा तरी बघितला का न्हाई?" दुसरा म्हणाला, "मोर न्हाई, लांडोर आसंल. मोराला बघून कोन येवढं भान इसरतंय?" मी हसलो. त्यांच्याबरोबर हसणं सोपं होतं. विम्याच्या फॉर्मवर 'अपघाताचे कारण' अशी एक ओळ असते. गावातल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म मी भरतो, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते मला पाठ आहे. तिथं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'रस्त्यावर अचानक मोर आडवा आल्याने.'

वडील गाडी बघायला गॅरेजला आले होते. मेकॅनिकला त्यांनी एकच विचारलं, "ब्रेक?"

"ब्रेक एकदम ओके हाय, काका. लायनर नवं हाय."

वडिलांनी चालकाचं दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि एक चप्पल बाहेर काढली. डाव्या पायाची. ती उलटी करून त्यांनी तळ पाहिला. "दुसरी कुठं हाय?"

"पडली कुठंतरी."

"डिकीत ठिवायची हुती ना रं." एवढंच. गॅरेजच्या बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "बाईस्नी सांगितलं का?"

"नाही."

"मग सांग."

"सांगतो, दादा."

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी दर दोन दिवसांनी सावेडीत जायचो, फळं घेऊन, कधी औषधं घेऊन. दर वेळी ठरवून जायचो. बाई डाव्या हातानं अक्षरं गिरवत बसलेल्या असायच्या, एकेरी वहीत, पहिलीच्या मुलासारखी, आणि मला वही दाखवायच्या. "बघ, 'क' अजून पडतोय माझा." फळ्यावर त्यांचं अक्षर असं असायचं की पुसायला मन होत नसे. मी 'छान आहे' म्हणायचो आणि घरी यायचो. भाची, म्हणजे ताई, मला चहा देताना म्हणायच्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मावशीला गाडीत गप्प बसवतच नाही. मी कितीदा सांगितलंय." बाई हे ऐकायच्या आणि मान खाली घालायच्या. मी चहा प्यायचो.

हात प्लास्टरमधून काढला त्या दिवशी त्यांना दवाखान्यातून घरी सोडायला मीच होतो. माझी गाडी दुरुस्त होऊन आली होती, पण त्यांनी नको म्हणून मान हलवली, म्हणून रिक्षा केली. भाची कामावर होती. बाई कोपऱ्यात बसल्या, बारीक झालेला हात मांडीवर ठेवून. सावेडीतल्या वळणांवर रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, इथून डावीकडं का सरळ?" दवाखान्यातून निघताना पत्ता बाईंनीच सांगितला होता, म्हणून तो त्यांना विचारत होता.

बाई बोलल्या नाहीत. ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी फक्त डोळे मिटले. त्यांची गल्ली डावीकडे मागे जात होती. मला ती दिसली, पण मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. पुढे चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, पूर्ण थांबली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"गल्ली मागे राहिली. वळवून घ्या," त्या म्हणाल्या. "माफ करा हं. चालत्या गाडीत मी आता बोलत नाही."

रिक्षावाला खो खो हसला. "आजी, आसं गिऱ्हाईक मला रोज मिळू द्या! सकाळपास्नं डोस्कं उठलंय बोलून बोलून."

बाईही हसल्या, थोडंसं. मग रिक्षा सुरू झाली आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. अर्ध्या हाताचं अंतर. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या भिंतीला उभं राहून ज्यांनी मला बोलतं केलं, त्या माझ्यामुळे गप्प बसल्या होत्या, आणि त्यांना वाटत होतं की हे त्यांचंच प्रायश्चित्त आहे. 'बाई' असा शब्द माझ्या तोंडातून निघाला. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. रिक्षावाल्याकडे खूण केली: चालवतोय तो.

त्यांच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा मला बोलता आलं असतं. त्यांनीच विचारलं, "काय म्हणत होतास?" मी म्हणालो, "काही नाही. सावकाश उतरा."

गावातून पुन्हा निरोप आला होता. एक मेला झेंडा बाईंच्याच हातून फडकवायचा. मी तो त्यांना सांगितला होता. त्या म्हणाल्या होत्या, "नको रे. माझ्यामुळे पुन्हा कुणाची गाडी रस्ता सोडायला नको. इथूनच मी मुलांना आशीर्वाद देते." रिक्षातून उतरल्यावर त्या आत गेल्या आणि मी माझ्या खोलीवर आलो. समोर बसून मला बोलता येत नाही हे आता नक्की झालं होतं. पण पत्र लिहायला मला शिकवलेलं होतं. कपाटातून ती डाव्या पायाची चप्पल काढून समोर ठेवली, म्हणजे काही बदलून लिहायला नको. हे ते पत्र.

तीर्थरूप बाईंना,

शिरसाष्टांग नमस्कार.

सव्वीस जानेवारीला गाडी रस्त्याखाली गेली ती तुमच्यामुळे गेली नाही. माझी चप्पल ब्रेकखाली अडकली होती. तुमच्या चपला मी डिकीत ठेवल्या आणि उशीर झाला म्हणून माझ्या सीटखाली सारल्या. उशीर माझा होता. वेग माझा होता. तुम्ही मोर म्हणालात त्याच्या आधीच माझे डोळे रस्त्यावर नव्हते, पायाशी होते. नंतर मी घाबरून स्टिअरिंग ओढलं. ते न ओढता वेग हळूहळू उतरू दिला असता तर गाडी बहुतेक बाजूला उभी राहिली असती.

लोक यायच्या आत मी चप्पल उसात फेकली. तुमचा हात मोडलेला दिसत असताना फेकली. तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, म्हणून लिहितोय. त्यानंतर दर दोन दिवसांनी तुमच्याकडे आलो आणि ते तसंच राहू दिलं. ताईंनी तुम्हाला बोल लावला तेव्हाही चहा पीत बसलो.

विमा कंपनीला मी आज दुसरं पत्र लिहिलं आहे. त्यात मोर नाही. दादांना ठाऊक आहे. त्यांना मी न सांगताच कळलं. ताईंना उद्या सांगतो. पारावरच्या लोकांना मी एक मेला शाळेत, झेंड्यासमोर, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं सांगणार आहे. तुम्ही आलात तर तुमच्या समोर, नाही आलात तरी.

तुम्ही यावं असं मला फार वाटतं. माझ्या गाडीत बसायला सांगणार नाही. काष्टीपर्यंत एस.टी. आहे, पुढे दादा बैलगाडी घेऊन येतो म्हणतात. माफ करा असं लिहीत नाही. ते तुम्ही ठरवायचं. या पत्रावर लाल पेन चालवायला हात अजून साथ देत नसेल, तर डाव्या हातानं चालवा. 'क' पडला तरी चालेल.

एकच मागतो. चालत्या गाडीत गप्प बसू नका. तो मोर मी पाहिलाच नाही, बाई. कुठल्या बाजूला होता, तेवढं मला सांगा.

तुमचा विद्यार्थी